केंद्राच्या सेंद्रिय शेती योजना आणि लहान शेतकऱ्यांचा गट: पैसा कशावर, कधी आणि कुठे अडतो

रानवाटा
यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावात २६ शेतकऱ्यांचा गट जमतो आहे. मिळून २० हेक्टर, बहुतेक कोरडवाहू. कपाशी, तूर, सोयाबीन. चार जणांकडे विहिरीवर हरभरा आणि थोडा भाजीपाला. निम्म्याहून अधिक जणांची जमीन दोन एकरांच्या आत. नऊ महिला आहेत, त्यातल्या सहाजणींचं नाव सातबाऱ्यावर नाही.

परंपरागत कृषी विकास योजना घ्यावी की नैसर्गिक शेती मिशनमध्ये जावं, यावरून गावात दोन तट पडलेत. कुणी हेक्टरी ५० हजार सांगतं, कुणी १५ हजार, कुणी एकरी ४ हजार. खरा आकडा कोणता, अर्जाआधी कोणते कागद नीट करायचे, प्रमाणपत्राचं काम प्रत्यक्षात कसं चालतं आणि कपाशीचं काय करायचं, एवढं जाणकारांनी नेमकं सांगावं.

शिवारफेरी
ताई, तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त तीन वेगळ्या गोष्टींचे.

परंपरागत कृषी विकास योजना २०१५-१६ ला सुरू झाली. मधल्या काळात तिचा दर तीन वर्षांसाठी हेक्टरी ५०,००० रुपये होता आणि त्यातले ३१,००० निविष्ठांसाठी, म्हणजे बियाणं-खतं वगैरेंसाठी, शेतकऱ्याच्या खात्यात जायचे. गावात फिरतोय तो हा जुना आकडा. २०२२-२३ पासून सुधारित दर तीन वर्षांना मिळून हेक्टरी ३१,५०० आहे. त्याची फोड अशी: निविष्ठांसाठी १५,००० थेट शेतकऱ्याच्या खात्यात, विक्री-पॅकिंग-ब्रँडिंगला ४,५००, प्रमाणीकरण आणि मालातल्या रसायनांच्या अंश तपासणीला ३,०००, प्रशिक्षण व क्षमताबांधणीला ९,०००. एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २ हेक्टर.

तुमच्या २० हेक्टरांना लावून पाहा. तीन वर्षांत एकूण ६,३०,०००. खात्यावर येणारे ३,००,०००, विक्रीचे ९०,०००, प्रमाणीकरणाचे ६०,०००, प्रशिक्षणाचे १,८०,०००. शेतकऱ्याच्या हातात पडणारा पैसा एकरी वर्षाला साधारण २,००० रुपये. गटाच्या पहिल्या बैठकीत हाच आकडा सांगा. हेक्टरी पन्नास हजाराच्या आशेने आलेला माणूस दुसऱ्या वर्षी युरियाची गोणी आणतो, आणि त्याच्यापायी शेजारच्या दोघांचं प्रमाणपत्र धोक्यात येतं.

महाराष्ट्रासाठी केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के देतं. हे वाटप साधं दिसतं, पण उशिराचं एक मोठं कारण तिथेच आहे. केंद्राचा हप्ता आला तरी राज्याचा वाटा सोबत जोडला गेल्याशिवाय पैसा खाली उतरत नाही.

काळीमाती
एकरी ४ हजार हा आकडा राष्ट्रीय नैसर्गिक शेती मिशनचा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर केलं. एकूण तरतूद २,४८१ कोटी, १५,००० समूह, साडेसात लाख हेक्टर. म्हणजे एक समूह ५० हेक्टरांचा, १२५ शेतकऱ्यांचा. तुमचे २६ जण एकटे समूह होत नाहीत, शेजारची दोन-तीन गावं जोडावी लागतील. प्रत्येक समूहाला दोन कृषी सखी, म्हणजे शेतकऱ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या प्रशिक्षित महिला. प्रोत्साहन रक्कम एकरी वर्षाला ४,०००, दोन वर्षं, आणि फक्त एका एकरासाठी.

आता हिशेब. मिशनमध्ये एका माणसाला दोन वर्षांत जास्तीत जास्त ८,०००. परंपरागतमध्ये तीन वर्षांत एकरी सुमारे ६,०७०. म्हणजे ज्याच्याकडे साधारण सव्वा एकरापर्यंतच जमीन आहे त्याला मिशन बरं, त्यावरच्याला एकूण रक्कम परंपरागतमध्ये जास्त. मात्र मिशनच्या पहिल्या दोन वर्षांत दर वर्षाला हातात येणारी रक्कम दोन एकरवाल्यालाही परंपरागतच्या बरोबरीने पडते, हे विसरू नका. पहिली दोन वर्षंच उत्पन्न घटण्याची असतात.

मिशनची मंजुरी २०२५-२६ पर्यंतची होती. पुढच्या वर्षाचा लक्ष्यांक तुमच्या तालुक्याला आहे का, हे कृषी कार्यालयात विचारल्याशिवाय गावात शब्द देऊ नका. आणि एकाच गट नंबरावर दोन्ही योजना टाकू नका. पडताळणीत दोन्हीकडून अडकाल.

पाणंद
हे पैसे खरेदीच्या आधी मिळतात की बिलं जोडल्यावर? आमच्याकडे सगळ्यांचा गोंधळ इथेच आहे.

सातबारा_आठअ
योजनेप्रमाणे वेगळं आहे, आणि यातच माणसं फसतात.

ठिबकचं सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. ‘प्रति थेंब अधिक पीक’मध्ये केंद्राचं अनुदान अल्प-अत्यल्प भूधारकाला मापदंड खर्चाच्या ५५ टक्के, बाकीच्यांना ४५, महाराष्ट्र सरकार त्यावर भर घालून ते ८० आणि ७५ टक्क्यांवर नेतं. तिथे पूर्वसंमती हातात येण्याआधीचं बिल चालत नाही. अर्ज, पूर्वसंमती, मग खरेदी आणि जोडणी, मग मोका तपासणी, मग खात्यात पैसे. एका दिवसाने जरी बिल आधीचं असेल तरी प्रकरण परत. लहान शेतकऱ्याला या सगळ्या काळात पूर्ण रक्कम दुकानात अडकवावी लागते. ८० टक्के अनुदान कागदावर छान दिसतं, पण उरलेले २० नव्हे, शंभरच्या शंभर आधी उभे करावे लागतात. ज्याला सहा महिने पैसा अडकवणं परवडतं, त्यालाच योजना परवडते. दोन एकरवाल्याची मुख्य अडचण मला ही वाटते.

परंपरागतमध्ये निविष्ठांचा पैसा थेट खात्यात येतो. पण कधी? निधी जानेवारी-फेब्रुवारीत उतरला की मार्चअखेरपर्यंत खर्ची टाकायची घाई सुरू होते. खरिपाला लागणारं बियाणं, जिवाणू खतं, ड्रम यांचा पैसा तूर काढून झाल्यावर येतो. म्हणून पहिला खरीप स्वतःच्या पैशावर किंवा बचत गटाच्या कर्जावर निघेल असंच नियोजन करा, योजनेचा पैसा मागाहूनची भरपाई समजा.

आता कागद. हे फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकायचे:

शेतकरी ओळख क्रमांक. ॲग्रिस्टॅकवर, म्हणजे शेतकऱ्यांच्या नोंदींच्या सरकारी डिजिटल यंत्रणेवर, नोंद करून घ्या. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांना तो सक्तीचा आहे. सामाईक खात्यात सगळे गट नंबर जोडले गेलेत का ते बघा. एखादा सुटला तर ते क्षेत्र लाभात धरत नाहीत.

बँक खातं. आधार ‘लिंक’ असणं आणि थेट लाभासाठी ‘सीडिंग’ असणं वेगळं. पैसा त्याच बँकेत जातो जिथे शेवटचं सीडिंग झालं. सव्वीस जणांची यादी करून प्रत्येकाचं कोणत्या बँकेत आहे ते लिहून काढा. दोन-तीन जणांचं तरी भलत्याच खात्यावर निघेल, बहुतेक वेळा असं खातं जे अनेक वर्षं वापरातच नाही.

ई-पीक पाहणी. कपाशीत तूर आंतरपीक असेल तर मिश्र पीक म्हणून नोंदवा. सातबाऱ्यावर निव्वळ कापूस आणि प्रमाणीकरणाच्या नोंदीत तूर, असं झालं की विक्रीच्या वेळी तुरीचं प्रमाण जुळत नाही.

महिलांचं. पती हयात असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावता येतं, तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. पती नसेल तर वारस फेरफार. भावाभावांत सामाईक असेल आणि सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडून वाटणी. तिन्ही कामांना वेळ लागतो, गट नोंदवण्याची वाट न पाहता आजच अर्ज टाका. ज्या सहाजणींचं नाव नाही, त्याच कदाचित खुरपणी, बीजप्रक्रिया, ड्रम ढवळणं हे सगळं करत असतील. त्यांच्या खात्यावर एक रुपया येऊ नये हे मला मान्य नाही.

काळीमाती
त्याला जोडून एक वाट. मिशनमध्ये जैव-निविष्ठा केंद्र असतं. एका केंद्राला एक लाख रुपये, पन्नास-पन्नास हजारांच्या दोन हप्त्यांत. महिला बचत गट ते चालवू शकतो आणि त्यासाठी प्रत्येकीच्या नावावर जमीन लागत नाही. जीवामृत, घनजीवामृत, दशपर्णी तयार करून गटातल्यांनाच विकायचं. फक्त गावात दहा-बारा देशी गाई एकत्र शेण-गोमूत्र देतील अशी व्यवस्था आधी ठरवा. शेणाचं ठरलं नाही तर शेड बांधलेली राहते आणि ड्रम रिकामे.

शेणखत
निविष्ठांवर थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे चूक झाली की दोष योजनेवर जातो.

जीवामृत एका एकराला: २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. प्लास्टिकचा ड्रम, सावलीत, तोंडावर गोणपाट. दिवसातून दोनदा काठीने एकाच दिशेने ढवळायचं. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत तयार, थंडीत जास्त लागतात. तयार झालेलं ओळखायचं असं: पहिल्या दिवशी शेणाचा उग्र वास असतो, नंतर आंबूस-गोडसर वास येतो आणि काठी फिरवली की बारीक फेस वर चढतो. कुजका, नाकाला झोंबणारा वास आला तर ढवळणं चुकलंय किंवा ड्रम उन्हात होता. तयार झाल्यावर आठवड्याच्या आत वापरा. नळाचं क्लोरिनचं पाणी घ्यायचंच असेल तर एक दिवस उघडं ठेवून घ्या.

ठिबकमधून सोडणार असाल तर आधी दुहेरी कापडातून गाळा, मग व्हेंच्युरी (ठिबकच्या पाण्यात द्रावण ओढून घेणारा भाग) डिस्क फिल्टरच्या आधी जोडा आणि शेवटी दहा-पंधरा मिनिटं साधं पाणी चालवून नळ्या धुऊन काढा. बेसनाचा गाळ ड्रिपरमध्ये बसला की त्या लॅटरलच्या शेवटच्या झाडांना पाणीच पोचत नाही, आणि लक्षात येतं तेव्हा पातं गळलेलं असतं.

पण जीवामृताला खत समजू नका. शेण, गोमूत्र आणि बेसन मिळून त्या अख्ख्या ड्रमात नत्र पाव किलोच्या आत भरतं. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत पावणेएकवीस किलो असतं. जीवामृत हे विरजण आहे. दूध तुम्हालाच आणायचं: कंपोस्ट, घनजीवामृत, द्विदल आंतरपीक, बांधावरच्या गिरीपुष्पाचा पाला. युरिया बंद करून फक्त जीवामृतावर गेलेली कपाशी पहिल्या वर्षी पिवळी पडते ती यामुळे.

आपल्याच जिल्ह्यातली पद्धत हाताशी आहे. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी. आत १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांची, भिंतींना जाळीसारखी भोकं. आतून शेणकाल्याचा हात. पहिला थर सहा इंच काडीकचरा, साधारण शंभर किलो. त्यावर ४ किलो शेण सव्वाशे ते दीडशे लिटर पाण्यात कालवून शिंपडायचं. त्यावर ५० ते ६० किलो चाळलेली कोरडी माती. असे थर रचत भिंतीच्या वर दीड फूट झोपडीसारखा आकार आला की माती-शेणाने लिंपून टाका. पंधरा-वीस दिवसांत आठ-नऊ इंच खाली बसतं. तेव्हा पुन्हा थर देऊन पुन्हा लिंपायचं. भेगा पडल्या की शेणपाण्याने बुजवायच्या, भोकांतून पाणी मारून ओल टिकवायची. ९० ते १२० दिवसांत सुमारे तीन टन खत. एका टक्क्याने धरलं तरी ३० किलो नत्र.

बिघडतं कुठे? ओल तुटते, हे पहिलं. दुसरं म्हणजे पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) अख्खी टाकतात. ती चार महिन्यांत कुजत नाही आणि अडकलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळीचे कोष राहतात. आधी श्रेडरमधून काढा. गटाने श्रेडर भाड्याने आणून दोन दिवसांत सगळ्यांच्या पऱ्हाट्या बारीक केल्या तर हे काम सोपं होतं.

पाणंद
शेणखत दादा, ‘विरजण’ हा शब्द गटाच्या बैठकीत सांगण्यासारखा आहे. आता कपाशीचं कुणी बोलेल का? बीटी लावून प्रमाणपत्र मिळतं असं आमच्याकडे ठामपणे सांगतात.

सरकी
मिळत नाही. जनुकीय बदल केलेलं बियाणं पीजीएस (शेतकऱ्यांनी एकमेकांची हमी देण्याची पद्धत) आणि एनपीओपी (तिसऱ्या पक्षाच्या तपासणीचा राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रम) दोन्हींत निषिद्ध आहे. विदर्भात सेंद्रिय गट फुटतात ते बहुतेक याच मुद्द्यावर, त्यामुळे पहिल्याच बैठकीत उघड बोला.

दोन गैरसमज. एक, पाकिटातलं ‘रेफ्युजी’ बियाणं बीटी नसतं म्हणून ते पेरू, असं काही जण म्हणतात. हल्ली ४७५ ग्रॅमच्या पाकिटात ते मिसळूनच येतं, वेगळं काढता येत नाही. दोन, खुल्या बाजारातलं बिनपावतीचं स्वस्त बियाणं बीटी नसेल असं वाटतं. ते बहुधा तणनाशक सहन करणारं ‘चोर बीटी’ असतं, म्हणजे दुहेरी घात.

सरळ, म्हणजे संकरित नसलेलं, वाण घ्या. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा ‘सूरज’, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा ‘पीकेव्ही रजत’. मागणी फेब्रुवारी-मार्चमध्येच नोंदवा, जूनमध्ये दुकानात मिळत नाही. सरळ वाणाचा फायदा असा की पुढच्या वर्षी सरकी घरची वापरता येते, पण भोवती सगळीकडे बीटी असल्याने परागातून मिसळ होते. म्हणून शेताच्या मधल्या भागातली बोंडं बियाण्यासाठी राखा, आणि पेरणीआधी पट्टी तपासणी करून घ्या. बियाणं भरडून द्रावणात पट्टी बुडवायची. दुसरी रेघ उमटली की ते बीटी.

बोंडअळीला हेक्टरी पाच कामगंध सापळे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठच्या वर पतंग आले की नुकसानीची पातळी ओलांडली समजा. पात्या-फुलांच्या वेळी ट्रायकोग्रामा बॅक्ट्री या मित्रकीटकाची कार्डं एकरी ६०,००० अंडी, आठवड्याच्या अंतराने तीनदा. कार्ड सकाळी किंवा संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचायचं. पाच टक्के निंबोळी अर्क: ५ किलो निंबोळी भरडून रात्रभर ९-१० लिटर पाण्यात, सकाळी गाळून, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून १०० लिटर करायचं. त्याच दिवशी फवारा. वेचणी डिसेंबरअखेर संपवा, फरदड (वेचणीनंतर तीच झाडं राखून पुन्हा घेतलेलं पीक) ठेवू नका.

आणि विक्रीचं आधीच समजून घ्या. पीजीएस प्रमाणपत्र देशांतर्गत विक्रीला चालतं. निर्यातीच्या सेंद्रिय कापसाला एनपीओपीचं, तिसऱ्या पक्षाचं प्रमाणपत्र लागतं. त्यात उत्पादक गटाला किमान २५ आणि जास्तीत जास्त ५०० सभासद असावे लागतात. तुमचे २६ आहेत. दोघं गळाले की गट संपला.

शिवारफेरी
प्रमाणपत्राची पद्धत. पीजीएस-इंडिया म्हणजे सहभाग हमी पद्धत. गाझियाबादचं राष्ट्रीय जैविक व नैसर्गिक शेती केंद्र ती चालवतं, विभागीय केंद्र नागपूरला आहे. स्थानिक गट किमान पाच जणांचा. सव्वीस जणांचा एकच गट करू नका. रान लागून आहे अशा सहा-सात जणांचे चार स्थानिक गट करा, कारण एकमेकांचं शेत रोज दिसणं हीच या पद्धतीची ताकद.

प्रत्येकाचं शपथपत्र, शेताचा इतिहास, चतुःसीमेसह नकाशा. मग हंगामात सहकारी तपासणी: किमान तीन जण, त्यातला एक तरी लिहिता-वाचता येणारा. मी तुझं तपासतो, तू माझं तपास, अशी अदलाबदल टाळायची. स्थानिक गट निर्णय घेतो, प्रादेशिक परिषद पोर्टलवर मंजूर करते. रूपांतराच्या काळात ‘पीजीएस-ग्रीन’, पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस-ऑरगॅनिक’. हंगामी पिकांना किमान २४ महिने, बहुवर्षायू पिकांना ३६. प्रमाणपत्राची मुदत १२ महिने, दर वर्षी नूतनीकरण. आणि अर्धी जमीन सेंद्रिय, अर्धी रासायनिक असं कायम चालत नाही. जनावरांसह सगळं धारण क्षेत्र २४ महिन्यांत आत आणायचं असतं.

तपासणीची फेरी कागदावर उरकू नका. बांधाने चाला. बांधावरचं गवत एका बाजूने सरळ रेषेत पिवळं पडलं असेल तर शेजारच्या तणनाशकाचा फवारा आत आलाय. धुऱ्यावरच्या बाभळीखाली, विहिरीच्या थारोळ्यात रिकाम्या बाटल्या बघा. गोठ्यात पंप पाहा: टाकीचं झाकण उघडून वास घ्या, नोझलच्या जाळीवर पांढरी पूड आहे का बघा. तणनाशकाला वापरलेला पंप धुतला तरी त्यातून निंबोळी अर्क मारू नये. गटासाठी दोन पंप वेगळे घेऊन त्यांवर हिरवी पट्टी मारा आणि ते कुणालाही उसने देऊ नका. लागून रासायनिक शेत असेल तिथे बांधावर शेवरी किंवा गिरीपुष्प दाट लावा, आणि त्या कडेच्या दोन-चार ओळींचा माल वेगळा वेचून साधा माल म्हणून विका.

अडतं ते नोंदींत. हंगाम संपल्यावर सगळ्यांच्या वह्या एका रात्रीत एकाच पेनाने भरल्या की पोर्टलवर अडचण आली नाही तरी अंश तपासणीत येते. पेरणीची तारीख, बियाण्याची पावती, ड्रम कधी भरला, किती वापरला, उत्पादन किती. दर अमावास्येला बैठक ठेवा आणि तिथेच वह्या भरा. हजेरीपट गटाच्या दफ्तराचा भाग आहे, त्यावर सही महिलांचीही घ्या.

आयोवाकर
इकडची एक तुलना उपयोगी पडेल असं वाटतं. अमेरिकेत संघीय सरकारच्या ‘एक्विप’ कार्यक्रमातून मृदा-जल संवर्धनाच्या कामांना खर्चाचा वाटा मिळतो. नियम तुमच्या ठिबकसारखाच: करारावर सही होण्याआधी काम सुरू केलं तर पैसा नाही, आणि काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावरच रक्कम. पण नवखे, कमी साधनांचे आणि माजी सैनिक शेतकरी यांना किमान निम्मी रक्कम आगाऊ घेण्याची सोय कायद्यात आहे. ती ९० दिवसांत खर्च करावी लागते. शिवाय अशांना वाटाही वाढवून, ९० टक्क्यांपर्यंत मिळू शकतो. फार्म सर्व्हिस एजन्सीचं ५०,००० डॉलरपर्यंतचं सूक्ष्म कर्ज वेगळं. वर सातबारा_आठअ यांनी ‘शंभरच्या शंभर आधी उभे करावे लागतात’ म्हटलंय, त्याच अडचणीवरचा हा उपाय आहे. मागणी करताना हे उदाहरण द्या.

काळीमाती
आयोवाकर, हे फार कामाचं सांगितलंत. आपल्याकडे रासायनिक खतांवरची केंद्राची सबसिडी वर्षाला दीड लाख कोटींच्या वर आहे आणि ती दुकानात, खरेदीच्या क्षणी मिळते. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांत, सकाळी पैसे दिले, संध्याकाळी शेतात. सेंद्रियवाल्याला एकरी दोन हजार, तेही हंगाम गेल्यावर. शेतकरी हट्टाने रासायनिक करतो असं नाही, त्याला सरकारने सोपी वाट तीच ठेवली आहे. परंपरागतची निविष्ठांची निम्मी रक्कम पहिल्या खरिपाआधी, मे महिन्यात द्यावी, असा ठराव ग्रामसभेत करून जिल्ह्याच्या ‘आत्मा’ (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयाला द्या. एका गावाने काही होणार नाही, पण दहा गावांचे ठराव एकाच भाषेत गेले तर वरच्या बैठकीत विषय निघतो.

डाळमिल
परंपरागतमधले विक्री-पॅकिंगचे हेक्टरी साडेचार हजार, म्हणजे तुमचे ९० हजार. हा पैसा तिसऱ्या वर्षी छापील पिशव्या आणि फलक यांत संपवतात, आणि पिशव्यांत भरायला माल नसतो. पहिल्या वर्षापासून तुरीकडे बघा.

तूर कच्ची विकली तर सेंद्रिय म्हणून वेगळा भाव क्वचितच मिळतो. डाळ करा. अकोल्याच्या विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल विदर्भात सगळीकडे माहितीची आहे. चांगल्या वाळलेल्या तुरीतून शंभर किलोला सत्तर-बहात्तर किलो डाळ धरा. चुनी-कोंडा जनावरांना. मिलवर रासायनिक माल आधी दळला असेल तर पहिले दहा-पंधरा किलो काढून वेगळे ठेवा आणि तशी नोंद करा.

वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला सेंद्रिय प्रमाणपत्रातून सूट आहे, पण ‘जैविक भारत’चं चिन्ह लावायचं तर पीजीएस किंवा एनपीओपी हवंच. मिल घ्यायची ठरली तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. कर्जाला कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंत ३ टक्के व्याजसवलत, सात वर्षं. प्रकल्प अहवालात वर्षाला किती क्विंटल तूर कुठून येणार हे नावानिशी लिहा. बँकेत फाईल थांबते ती त्या आकड्यावर.

स्वतःची शेतकरी उत्पादक कंपनी काढायच्या मागे लागू नका. केंद्राच्या दहा हजार कंपन्यांच्या योजनेत मैदानी भागात किमान ३०० सभासद लागतात. जवळच्या चालू कंपनीत गट म्हणून भाग घ्या. सेंद्रिय माल वेगळ्या ढिगात, वेगळ्या पोत्यात, वेगळ्या पावतीवर ठेवण्याची अट आधी लेखी घ्या.

रानवाटा
सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवतोय: सव्वा एकराच्या आतल्या आठ जणांनी शेजारच्या गावांसोबत मिशनमध्ये जायचं, बाकी १८ जणांनी परंपरागतमध्ये. निविष्ठा केंद्र बचत गटाकडे. कपाशी या वर्षी फक्त सहा जण सूरजची करतील, बाकीचे तूर-सोयाबीनवर भर देतील. चूक असेल तर सांगा.

शिवारफेरी
वाटणी बरोबर आहे, पण दोन गोष्टी. अठराच जण उरले की परंपरागतच्या गटाला लागणारं २० हेक्टर भरत नाही. आठ जणांचे मिळून अडीच-तीन हेक्टर कमी होतील, तेवढं क्षेत्र लागून असलेल्या शिवारातून आधी जोडा, मगच प्रस्ताव द्या. सरकी म्हणतात ती २५ची मर्यादाही त्यातच सुटेल; तीस-बत्तीस जण झाले तर पुढे कापसासाठी एनपीओपीचा विचार करता येईल.

दुसरं, कपाशीच्या सहा जणांची शेतं एकमेकांना लागून आहेत का ते बघा. विखुरलेली असतील तर या वर्षी तिघांनीच, लागून असलेल्यांनी लावावी. आणि पहिली सहकारी तपासणी ऑगस्टअखेर, कपाशी पात्यावर असताना घ्या, दुसरी हरभरा घाट्यावर असताना. काढणी झाल्यावर रिकाम्या रानात बघायला काही उरत नाही.